गेटवाल्या पिक्चरची शेवटची बारा मिनिटं

१९८५ साली वाकोल्याच्या व्हिडिओ पार्लरमध्ये चिनी मारामारीचे पिक्चर दिवसाला सहा खेळ लावून दाखवत. पिक्चर हाँगकाँगचे, बोलणं तिथलं, आणि खालच्या बाजूला अक्षरं असलीच तर पांढऱ्या मुंग्यांसारखी. म्हणून मालकाने टीव्हीशेजारी एक स्टूल, एक माईक आणि जयवंत तावडे अशी व्यवस्था केली होती. जयवंत तावडे पिक्चर समजावून सांगायचे.

त्यांना चिनी येत नव्हतं. हा मुद्दा तेव्हा कुणी काढला नाही. जयवंतमामा परळच्या एका गिरणीत फिटर होते, संपात बाहेर पडले आणि बाहेरच राहिले. आवाज मात्र गेटसभांमध्ये तयार झालेला. पडद्यावर दोन माणसं बोलू लागली की मामा दोघांच्याही वतीने मराठीत बोलायचे, सेकंदभरही न अडखळता. हिरोचं नाव प्रत्येक पिक्चरमध्ये बाळू. गुरू म्हणजे मास्तर. व्हिलन म्हणजे शेट, आणि त्याची माणसं म्हणजे मुकादम. चीनमध्ये नुसत्या गिरण्या आहेत आणि त्या सगळ्या बंद आहेत, अशी वाकोल्यातल्या पोरांची दहावीपर्यंत समजूत होती.

दुसरी व्यवस्था वेळेची होती. सहा खेळ बसवायचे, मध्ये जुनी पोरं बाहेर काढून नवी आत घ्यायची, तर कुठेतरी कापणं भाग होतं. त्यामुळे प्रत्येक पिक्चर शेवटची बारा मिनिटं शिल्लक असताना बंद व्हायचा. दिवे लागायचे, पोरं चपला शोधू लागायची आणि शेवट मामा तोंडी सांगायचे. तक्रार कुणाचीच नव्हती. मामांचे शेवट चांगले असायचे.

प्रबुद्ध सोनकांबळे याने त्यातला गेटवाला पिक्चर अकरा वेळा पाहिला. पिक्चरचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. बाळू कुंगफू शिकायला डोंगरावरच्या एका शाळेत जातो. मास्तर गेट उघडून बाहेर येतात, काहीतरी बोलतात आणि गेट लावून घेतात. बाळू तिथेच थांबतो. झाडू मिळवतो, पायऱ्या झाडतो. बर्फ पडतो. वर्षातून एकदा गेटच्या फटीतून मास्तर काहीतरी बोलतात. मधूनमधून मुकादम येऊन बाळूला ओढून न्यायला बघतात, आणि बाळू झाडून झाडून तयार झालेल्या हातांनी त्यांना दरीत पाठवतो. सात वर्षं जातात. मग एका सकाळी गेट हलतं. इथे दिवे लागायचे.

"गेट उघडलं," मामा माईकमध्ये सांगायचे. "मास्तर स्वतः दारात उभे. म्हणाले, ये बाळू, तुझी जागा मी राखून ठेवली होती. चला, मागच्या दाराने बाहेर, ढकलू नका, ए पिवळा शर्ट!"

आणि फटीतून मास्तर दरवर्षी काय बोलायचे, ते सगळ्या वाकोल्याला पाठ होतं. "थांब बाळू. जागा सोडू नको. जागा सोडली की हक्क गेला."

प्रबुद्ध आता त्रेपन्न वर्षांचा आहे. एका कंत्राटदाराकडे विजेच्या मीटरांचं रीडिंग घ्यायचं काम करतो. रोज सकाळी दिंडोशीच्या संक्रमण शिबिरात, पाण्याच्या टाकीशेजारी, वीस मिनिटं घोडा घालून उभा राहतो. घोडा घालायचा म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, हात पुढे धरून असं उभं राहायचं, की खाली घोडा आहे असं वाटावं. शिबिराला त्याची सवय आहे. टाकीवर गर्दी झाली की बायका त्याच्या हातात बादल्या अडकवतात. हात तसेही पुढेच असतात.

त्याच्या पिढीची वाकोल्यातली पोरं आता बोरिवली, मुलुंड, नालासोपाऱ्याला पांगली आहेत. त्यांचा 'वाकोला शाओलिन' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर सर्वांत भारी कोण, हा वाद अकरा वर्षं चालू आहे. मुलुंडचा हर्षद ब्रूस लीचा. बोरिवलीचा चंद्रप्रकाश जॅकी चॅनचा, कारण तो पडतो तेव्हा खरंच लागल्यासारखं वाटतं. प्रबुद्ध बाळूचा.

"अरे, त्याचं खरं नाव तरी सांग ना यार," हर्षद व्हॉइस मेसेजमध्ये ओरडायचा. "गूगलवर बाळू टाकलं तर आमच्या इथला भजीवाला येतोय."

"नाव कशाला पाहिजे? काम बघ त्याचं."

"कसलं काम? सात वर्षं झाडू मारतोय. ब्रूस ली असता ना, एक लाथ, गेट खाली!"

"मग नवीन गेट कोण बसवणार?" प्रबुद्ध विचारायचा. यावर हर्षद नुसता अंगठा पाठवायचा.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण प्रबुद्ध त्या पिक्चरवर घर चालवत होता.

वाकोल्याची त्यांची झोपडपट्टी २००७ साली पाडली. तिथे बिल्डिंग होणार आणि प्रत्येकाला तिथेच पक्की खोली मिळणार, असं ठरलं. तोपर्यंत चौसष्ट कुटुंबांना दिंडोशीच्या या शिबिरात आणून ठेवलं. अठरा वर्षांत तीन बिल्डर बदलले. वाकोल्याच्या प्लॉटला पत्र्याचं कुंपण आहे आणि आत एरंड माजलाय. मधल्या काळात दोनदा बाहेर पडायची संधी आली, दोन्ही वेळा प्रबुद्ध थांबला. पुण्याला कायमची नोकरी मिळत होती, तीही त्याने सोडली. शिबिरात राहणारं माणूस गैरहजर सापडलं तर नाव कापतात, अशी बातमी होती. जागा सोडली की हक्क गेला.

आता तिसऱ्या बिल्डरने नवी कलमं काढली होती. वाकोल्यावरचा हक्क सोडल्याची सही द्यायची आणि अंबरनाथच्या पुढे कायमचं घर घ्यायचं. नाही तर वाकोल्याची वाट बघत बसायचं. सहीला शेवटची मुदत शनिवारी दुपारी दोन. शिबिराच्या जिन्यावर 'इमारत धोकादायक' अशी लाल पाटी लागलेली होती आणि सोनकांबळ्यांच्या न्हाणीतला स्लॅब गेल्या पावसाळ्यात बादलीत पडला होता.

"साठ जणांनी सही केलीये," प्रबुद्धची बायको वनमाला म्हणाली. "चार घरं उरलीत. एक तर कायम कुलपात असतं, त्याला कुणी विचारलंच नसेल. अहो, करून टाका सही."

"वाकोला आपलं आहे."

"आपलं होतं तेव्हा तिथे नाला वाहायचा. आता एरंड आहे. आपलं तिथे काय आहे?"

"हक्क आहे. अठरा वर्षं काढली, आता दारात आलो आणि सोडायचं? जागा सोडली की हक्क गेला, वनमाला."

"हे कायद्यात आहे की पिक्चरमध्ये?"

"दोन्हीत," प्रबुद्ध म्हणाला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात वनमाला या जागी येऊन नेहमीच गप्प व्हायची. प्रबुद्धला वाटायचं, मुद्दा पटला.

मुलगी श्रुतिका चोवीस वर्षांची. अंधेरीच्या एका कंपनीत ती परदेशी पिक्चरांच्या खाली मराठी ओळी लिहायची. ओळीत बेचाळीस अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि पिक्चर बाहेर येईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा लेखी करार. दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडे हाँगकाँगचा एक जुना, धुऊन-पुसून नवा केलेला पिक्चर आला. नवव्या मिनिटाला एक माणूस झाडू घेऊन पायऱ्या झाडू लागला आणि श्रुतिकाने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. लहानपणी तिला वरणभात भरवताना तिचं तोंड म्हणजे गेट असायचं आणि घास म्हणजे बाळू.

तिने तो पिक्चर पुरा केला आणि दोन महिने तोंड बंद ठेवलं. सही केली की ती पाळायची, असं मानणारी घरात ती एकटीच होती. पिक्चर बुधवारी ॲपवर आला. गुरुवारी प्रबुद्धची सुट्टी असायची. सकाळी चहा झाल्यावर तिने लॅपटॉप पाटावर ठेवला, मागे पुस्तकांचा टेकू दिला आणि आई-बापाला समोर बसवलं.

"पप्पा, तुमचा पिक्चर."

पहिलं दृश्य आलं आणि प्रबुद्ध उभा राहिला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला बुद्धाचा. त्यांच्या खाली तो हात जोडावेत की काय अशा पवित्र्यात उभा.

"हाच! अगं, हाच. बर्फ बघ. पांढरा आहे!"

"बर्फ पांढराच असतो ना पप्पा."

"वाकोल्याच्या टीव्हीवर हिरवा होता."

मास्तर गेट उघडून बाहेर आले. प्रबुद्धने त्यांच्याबरोबर ओठ हलवले, "थांब बाळू." खाली ओळ आली, 'शाळा बंद झाली आहे. घरी जा.'

"चुकलंय," प्रबुद्ध म्हणाला.

"काय चुकलंय?"

"ते थांब म्हणतात."

"पप्पा, हे मी लिहिलंय. ते घरी जा म्हणतात."

"तुला चिनी येतं?"

"इंग्रजीवरून केलंय. इंग्रजी चिनी येणाऱ्याने दिलंय."

"म्हणजे ऐकीव."

"आणि जयवंतमामांना येत होतं?"

प्रबुद्ध खाली बसला. ही शंका चाळीस वर्षांत त्याच्याकडे आली नव्हती असं नाही. त्याने तिला कधी आत घेतलं नव्हतं.

पिक्चर पुढे सरकला. दुसऱ्या वर्षी फटीतून ओळ आली, 'अजून इथेच? मी आजारी आहे. माझ्याने शिकवणं होत नाही.' तिसऱ्या वर्षी, 'तुझ्या आईचा निरोप आला आहे. घरी जा.' मग मुकादम आले. पाच धिप्पाड माणसं. वाकोल्यात यांच्या एन्ट्रीला शिट्ट्या पडायच्या. त्यांतला सर्वांत मोठा, मिशीवाला, हात पसरून पुढे आला. प्रबुद्धला त्याचं वाक्य पाठ होतं, "शेटने सांगितलंय, गेट सोड, नाही तर हाडं मोडू." खाली ओळ आली, 'धाकट्या, चल ना रे. आई आजारी आहे.'

"हे कोण आहेत?" प्रबुद्धने विचारलं.

"भाऊ आहेत त्याचे."

"पाचही?"

"पाचही."

बाळूने उडी मारली, पायऱ्यांचा झाडू फिरवला आणि थोरल्या भावाला दरीत पाठवलं. पिक्चरमधली ही सर्वांत गाजलेली फाइट. वाकोल्यातल्या पोरांनी ती खराटा घेऊन शेकडो वेळा केलेली. प्रबुद्ध मांडीवर हात ठेवून बघत राहिला. दुसरा भाऊ गेला. तिसरा पडता पडता काहीतरी ओरडला.

"हा काय म्हणाला? ओळ नाही आली."

"नुसतं आईगं म्हणाला. ते लिहायचं नसतं."

चौथ्या वर्षी फटीतून बोलणारा आवाज वेगळा होता. 'मी स्वयंपाकी. मास्तर मागच्या दाराने गावी गेले. मीही निघालो.' बाळूचा चेहरा मोठा दिसला. तो हसला आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटला. हा चेहरा प्रबुद्धच्या पाकिटात होता. पार्लरच्या मालकाने कॅसेटच्या चिनी कव्हरवरून कापून दिलेला. खाली ओळ आली, 'ही माझी परीक्षा आहे.'

त्यानंतर फटीतून कुणीच बोललं नाही. पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षी मामा जे सांगायचे, तिथे वारा होता.

मग सकाळ झाली, गेट हलू लागलं आणि प्रबुद्धचा हात आपोआप पुढे गेला. त्याने पिक्चर थांबवला.

"इथे दिवे लागतात," तो म्हणाला.

"पप्पा, बारा मिनिटं आहेत अजून."

"माहितीये."

"चालू करा," वनमाला म्हणाली.

त्याने चालू केला. गेट वाऱ्याने हललं, बिजागरी तुटली आणि ते आतल्या बाजूला पडलं. आत अंगण. कमरेएवढं गवत. मागची भिंत ढासळलेली, आणि तिच्यावरून शेळ्या ये-जा करत होत्या. जुनी पायवाट असावी. बाळू एकेक खोली बघत फिरला. बोलणं काही नव्हतं.

"आता विहिरीतून बादली काढेल," वनमाला म्हणाली.

बाळूने विहिरीतून बादली काढली.

"रिकामी निघते."

बादली रिकामी निघाली. श्रुतिकाने आईकडे बघितलं. प्रबुद्धने पडद्याकडे बघतच विचारलं, "तू बघितलायस?"

"घाटकोपरला. आमच्याकडे पुरा दाखवायचे. सांगणारं कुणी नव्हतं, पण पुरा दाखवायचे."

"कधी?"

"सातवीत होते."

"म्हणजे लग्नाआधी."

"सातवीत म्हणजे लग्नाआधीच ना."

"मग सत्तावीस वर्षं बोलली का नाहीस?"

वनमालाने पदर नीट केला. "मला बघायला आला होतात, आठवतं? सगळे पोहे खात होते आणि तुम्ही उठून बाळू करून दाखवलात. मास्तर काय बोलतात, शेट काय बोलतो, सगळं. आमचे दादा पण ऐकत राहिले. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. मला नुसतं रिकामं अंगण दिसलं होतं. शब्द तुमच्याकडे होते."

"आणि नंतर?"

"नंतर काय? इकडे यायच्या वेळी एकदा तोंडाशी आलं होतं. तुम्ही इतक्या खुशीत सामान बांधत होतात." तिने चहाचे कप एकात एक घातले. "परत पुण्याच्या वेळी आलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्याशी चार दिवस बोलत नव्हतात."

पडद्यावर बाळू बाहेर आला, त्याने पडलेलं गेट उचलून होतं तसं उभं टेकवून ठेवलं आणि झाडू घेतला. नावांच्या पाट्या सुरू झाल्या. श्रुतिकाने लॅपटॉप मिटला.

"पप्पा, मी सही करा असं म्हणत नाहीये," ती म्हणाली. "मी फक्त दाखवलं."

दुपारी प्रबुद्ध बसने वाकोल्याला गेला. जयवंतमामा नाल्याच्या पलीकडच्या चाळीत पुतण्याकडे असतात. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याला मोतीबिंदू, आवाज अजून गेटसभेचा, घरची बोली मालवणी. दारात बसून सुकट निवडत होते.

"जयभीम मामा."

"जयभीम, जयभीम. प्रबुद्ध ना रे? बस. चाय घेतलंस?"

"मामा, गेटवाला पिक्चर आठवतो?"

"खयचो? गेट सगळ्याच पिक्चरात होता."

"बाळू सात वर्षं गेटवर थांबतो तो. मास्तर फटीतून थांब म्हणतात."

"हां, हां. म्हणतत."

"ते घरी जा म्हणत होते, मामा."

मामांनी एका सुकटीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "असतीत म्हणत. तोंड तसाच वाटायचा खरा."

"मग तुम्ही थांब का सांगितलंत?"

"अरे वा! तुमी पोरां पैशे देऊन आत येयत होतात आनि मी सांगू, घराक जा? मालकान माका घराक धाडल्यान असता." ते हसले, मग हसणं उतरलं. "सकाळी मी गिरणीच्या गेटार जायत होतंय, दुपारी पार्लरात. गेटार लीडर सांगत, थांबा, जागा सोडू नकात, जागा सोडली की हक्क गेलो. तेच शब्द तोंडात होते. दुसरे खंयसून हाडू?"

"आणि शेवट? जागा राखून ठेवली होती म्हणायचात, तो?"

"शेवट मी खंय बघलंय? माका काय येगळो टीव्ही होतो? माज्यासमोर पन तो बंदच होय."

प्रबुद्धने मग शेवट सांगितला. गवत, शेळ्या, बादली. स्टुलावर मामा असायचे आणि खाली प्रबुद्ध. आज तो सांगत होता आणि मामा डोळे बारीक करून ऐकत होते. पाच भावांचंही त्याने सांगितलं.

"पाच भाव?" मामा म्हणाले. "आनि मी तेंका मुकादम केलंय. वाट लावलंय बिचाऱ्यांची. मगे बाळू काय करता?"

"झाडतो."

"परत?"

"परत."

मामांनी सूप उगाच एकदा पाखडलं. "मगे बंद करत होते ताच बरा," ते शेवटी म्हणाले.

प्रबुद्धने त्यांना सहीचं विचारलं. अंबरनाथच्या पुढे जाऊ की राहू? मामांनी दोन्ही हात वर केले. सुकटीचा वास पसरला.

"माका नको विचारू, बाबा. एकदा सांगितलंय ता चाळीस वर्षां पुरला तुका." मग सूप बाजूला सरकवून ते उठले, ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी आणि तिच्यातून घडी पडून फाटत आलेली पावती. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी भरलेल्या अर्जाची. "तुजी पोरगी शिकलेली आसा. तिका विचारशील? यंदा नाव लागात काय? तुका काय वाटता?"

प्रबुद्धने पावती हातात घेतली. तारीख वाचली. उजेडाकडे धरून शिक्का बघितला. मामा त्याच्या तोंडाकडे बघत होते, एका चांगल्या डोळ्याने आणि एका वाईट.

"लागेल, मामा," प्रबुद्ध म्हणाला. "थांबा."

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि सुकटीचा पुडा बांधून दिला.

शनिवारी साडेबाराला प्रबुद्ध बिल्डरच्या ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे शिबिराच्या फाटकाशी ठेवलेला लोखंडी कंटेनर, आत एसी आणि यज्ञेश नावाचा एक तरुण, लग्नात शोभेल असा शर्ट घातलेला. त्याने प्रबुद्धला खुर्ची दिली, पाणी दिलं, काका म्हटलं.

"वेल डन काका. एकसष्टावे तुम्ही. आमच्या मॅडमना सांगितलं होतं मी, सोनकांबळेकाका समजूतदार आहेत, येणार."

सात ठिकाणी सही होती, तीन ठिकाणी अंगठा. मग जुन्या झोपडीचा नंबर लिहिलेली पाटी छातीशी धरून फोटो. यज्ञेश म्हणाला, "थोडं हसा काका, घर मिळतंय," आणि प्रबुद्धने कॅमेऱ्याकडे बघितलं. अठरा वर्षं राखलेला वाकोल्याचा हक्क साधारण सहा मिनिटांत गेला. एसीचा आवाज सोडला तर कसलाच आवाज झाला नाही.

"ताबा कधी?" त्याने विचारलं.

"ताबा ना," यज्ञेश कागद जुळवत म्हणाला. "आधी जमीन बिगरशेती व्हायची आहे. मग प्लॅन पास, मग पाया. सध्या तिथे भात आहे काका."

"म्हणजे बिल्डिंग नाही?"

"बिल्डिंग होणार ना. त्याचीच तर सही."

"तोपर्यंत आम्ही कुठे?"

"इथेच. तुम्हाला कुणी हलवणार नाही, टेन्शन घेऊ नका."

"इथे धोकादायकची पाटी लागलीये."

"लागलीच पाहिजे, नियम आहे. काका, या कागदात ताब्याच्या तारखेचा रकाना आहे बघा, तो मुद्दाम मोकळा ठेवलाय. काहीतरी तारीख टाकून तुम्हाला खोटं सांगायचं नव्हतं आम्हाला."

प्रबुद्धने मोकळा रकाना बघितला. छपाई स्वच्छ होती.

"आणि समजा मी सही मागे घेतली तर?"

"वाकोल्यासाठी?" यज्ञेशला खरंच वाईट वाटलं असावं, तो जरा पुढे झुकला. "काका, ते तर आत्ताच सोडलंत ना तुम्ही. तुमच्यासमोर स्कॅन केलं मी."

घरी वनमाला आणि श्रुतिका वाट बघत होत्या. वनमालाने सुकटीची चटणी केली होती. तिने हात पुसून कागद घेतले, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचले, मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काढलं. सही करा म्हणून तीच मागे लागली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि आता ते कुणी कुणाला बोलून दाखवायचं, हा प्रश्न होता.

मोबाइल वाजला. ग्रुपवर हर्षद होता. कोण भारी, म्हणून नवीन मतदान टाकलं होतं. प्रबुद्धसाठी तिसरं नाव 'बाळू' म्हणून खास घातलेलं. प्रबुद्धने ते थोडा वेळ बघितलं. मग मत न देता मोबाइल उलटा ठेवला.

"गाव कुठलं लिहिलंय?" वनमालाने विचारलं. "श्रुतिका, बघ बरं नकाशात."

श्रुतिकाने कागदावरचा सर्व्हे नंबर आणि गावाचं नाव फोनवर टाकलं. नकाशा अंबरनाथवरून घसरत पुढे गेला आणि एका हिरव्या पट्ट्यावर थांबला.

"स्टेशन?"

"दाखवत नाहीये."

"रस्ता तरी?"

"एक बारीक रेघ आहे. ओढा असेल."

"मोठं कर," वनमाला म्हणाली.

श्रुतिकाने दोन बोटांनी मोठं केलं. एक वीटभट्टी दिसली, एक झाड.

"अजून कर."

श्रुतिकाने अजून मोठं केलं. भट्टी बाजूला सरकली, झाड गेलं, हिरवं विरलं आणि फोनवर नुसते करडे चौकोन उरले. वनमालाने चष्मा लावला आणि तिघंही त्यावर वाकली.